माशीची चाल आणि ट्रकची चाल: लम्पीच्या मेसेजला उत्तर

पावसाळा लागला की दोन गोष्टी हमखास येतात, कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, माशा आणि मोबाईलवर लम्पीचा, ढोरांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या त्या रोगाचा, मेसेज. यंदा तो घरच्याच ग्रुपवर आला आणि तो वाचून मामांनी लस टोचायला आलेल्या माणसाला फाटकातूनच परत पाठवलं. आता मात्र गप्प बसवत नाही.

मेसेज लांबलचक आहे. 'शेतकरी बांधवांनो, जागे व्हा'पासून सुरू होतो आणि 'जास्तीत जास्त ग्रुपवर टाका'ला संपतो. पाल्हाळ काढून टाकलं तर दावे पाच उरतात. लम्पी लसीमुळेच पसरला, लस दिलेलीच ढोरं आजारी पडतात. हा रोग २०२२ साली पाकिस्तानातून सोडला. रोग वाऱ्याने येतो, तेव्हा बाजार बंद करणं हा बड्या व्यापाऱ्यांचा डाव आहे. लम्पी झालेल्या गायीचं दूध प्यालं की माणसाच्या अंगावर गाठी येतात. आणि शेवटी, पानाचा विडा चारला की सात दिवसांत लम्पी साफ, लस कशाला पाहिजे?

पाकिस्तानचं आधी उरकून टाकू, त्यात दम नाही. लम्पीची पहिली नोंद १९२९ सालची, आजच्या झांबियातली. तिथून तो आफ्रिकाभर फिरला, १९८८ मध्ये इजिप्त, १९८९ मध्ये इस्राएल, २०१३ मध्ये तुर्कस्तान आणि पुढे आग्नेय युरोपातल्या बाल्कन देशांत गेला. भारतात तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये ओडिशात सापडला. त्याच्या थोडं आधी तो बांगलादेशात होता, म्हणजे आला तो पूर्वेकडून. महाराष्ट्रात २०२० मध्ये पहिल्यांदा दिसला तो आपल्याच विदर्भात, गडचिरोलीच्या टोकाला सिरोंच्याकडे. २०२२ ची लाट गुजरात-राजस्थानकडून आली, एवढंच त्यात खरं.

दुधाचंही थोडक्यात. लम्पीचा विषाणू माणसाला होत नाही. जागतिक पशुआरोग्य संघटना त्याला माणसात जाणाऱ्या रोगांत धरतच नाही. २०२२ च्या जुलैमध्ये मंकीपॉक्सची जागतिक आणीबाणी जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये लम्पी महाराष्ट्रात पुन्हा शिरला. दोन्ही विषाणू देवी रोगाच्या कुळातले, पण शाखा वेगळ्या. मेसेजवाल्यांनी एकाचे फोटो दुसऱ्याच्या मजकुराला चिकटवले. आजारी गायीच्या दुधात विषाणू असू शकतो, पण दूध नीट उकळलं की तो टिकत नाही, आणि कच्चं दूध तसंही पिऊ नये. आजारी गायीच्या वासराला मात्र तिला चोखू देऊ नका. सडावर फोड असतात आणि लाळेतूनही रोग लागतो. दूध काढून, उकळून, कोमट करून वेगळं पाजा.

आता बाजाराचा मुद्दा. वाऱ्याबद्दल मेसेज पूर्ण खोटा नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. १९८९ मध्ये लम्पी इजिप्तमधून इस्राएलमध्ये पोचला तो वाऱ्यासोबत आलेल्या माशांमुळे, अशी शक्यता संशोधकांनी मांडलेली आहे. पण वाऱ्याने येते ती माशी. गोठ्यात चावणारी माशी, डास आणि गोचीड आजारी ढोराचं रक्त तोंडाला लावून शेजारच्या ढोराला चावतात. भरलेली सुई एकाला टोचून तीच दुसऱ्याला टोचावी तसं. आता ही माशी किती चालते? बाल्कन देशांतल्या २०१५-१६ च्या साथीचा हिशेब संशोधकांनी मांडला, तेव्हा रोग सरकण्याचा मधला वेग निघाला आठवड्याला ७.३ किलोमीटर.

हा आकडा घेऊन आपल्या नकाशावर बसा. २०२२ मध्ये राज्यातला पहिला रुग्ण ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला. रावेर ते नागपूर सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या वर. आठवड्याला ७.३ ने निघालं तर ४१ आठवडे लागतात, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात पोचायला हवा होता. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, सहाच आठवड्यांत, बुलढाणा, अकोला, अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांतही लम्पी होता. सहा आठवड्यांत माशीच्या चालीने ४४ किलोमीटर होतात. उरलेलं अंतर कोण चाललं? चार चाकं असलेलंच काहीतरी. एका रात्रीत ट्रक किंवा पिकअप अडीचशे किलोमीटर ढोरं नेऊन उतरवते आणि तिथून पुढे माशी आपलं काम करते.

बाजारात ढोर बघून घेतो, गाठ दिसली तर घेत नाही, असं म्हणणारे पुष्कळ. मेख इथेच आहे. प्रयोगात मुद्दाम लागण केलेल्या ढोरांपैकी निम्म्याच्या आसपास ढोरांच्या अंगावरच गाठी उठतात. बाकीच्यांची कातडी स्वच्छ, पण रक्तात विषाणू. शिवाय लागण झाल्यापासून गाठ दिसेपर्यंत एक ते चार आठवडे जातात. बाजारात दात मोजतात, शिंगं बघतात, चाल बघतात, यातलं काहीही रक्तातलं दाखवत नाही. म्हणूनच सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं, आणि बाजार, शर्यती, प्रदर्शनं, वाहतूक थांबवली.

व्यापाऱ्यांचा डाव म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं की बाजार बंद झाल्यावर पहिला हात व्यापाऱ्याचाच अडकतो. बंदीचा फटका शेतकऱ्याला बसत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडे बैल विकून रब्बीचं बियाणं घेणारे आहेत, आणि हंगामाच्या तोंडावर जोडीतला एक बदलून घेणारेही आहेत. बाजार बंद म्हणजे त्यांचा पैसा बंद. त्यात नुकसानभरपाई वेळेवर मिळेल याची खात्री नसली, की माणूस आजारी ढोर लपवतो किंवा पडत्या भावात रात्रीच्या गाडीत चढवतो. बंदी कागदावर आणि सौदे ढाब्यामागे, असं झालं की बंदीचा तोटा तेवढा पदरात पडतो, फायदा नाही. टीका करायची तर यावर करा. भरपाई जितकी लवकर, तितकी गाडी कमी भरते.

रोगाचा आर्थिक मार फक्त दुधात मोजणाऱ्यांनी विदर्भातलं शेत बघितलेलं नाही. इथे बैल आहे म्हणून कपाशीत-सोयाबीनमध्ये डवरा, म्हणजे तण काढायचं औत, चालतो. लम्पीत पाय सुजतात, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीला पाणी उतरतं, आणि गाठी नेमक्या मानेवर, जिथे जू बसतं तिथे फुटल्या तर ताप उतरल्यावरही महिनाभर बैल जुंपता येत नाही. जोडीतला एक बसला की दुसराही बसलाच. तण वाट बघत नाही. मग भाड्याची जोडी नाहीतर मजुरांचा निंदणाचा खर्च, आणि तोही सगळ्या गावाला एकाच आठवड्यात, म्हणजे दर वाढलेला. बैल दगावला नाही तरी हे नुकसान होतंच, आणि ते कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

आता लस. मामा ज्यावर अडले तो हाच मुद्दा, आणि सगळ्यात घातक हाच.

'लस दिलेलीच ढोरं आजारी पडतात', हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यात ते खोटं बोलत नाहीत. फक्त तारखा मांडून बघत नाहीत. समजा गावात १ ऑगस्टला पहिली गाठ दिसली. ५ तारखेला लसीकरण झालं. तुमच्या गायीला माशी चावली होती २८ जुलैला. तिच्या अंगावर गाठी उठणार ८-१० ऑगस्टला, लस देवो न देवो. लसीचा असर यायला साधारण तीन आठवडे, म्हणजे २६ ऑगस्ट. मधल्या तीन आठवड्यांत जी ढोरं आजारी पडली ती सगळी लसीच्या खात्यावर टाकली गेली. गावात रोग आल्यावर टोचायला गेलं की असं होणारच. म्हणूनच लस माशा वाढायच्या आधी, पावसाच्या तोंडाला घ्यायची असते.

दुसरं, आपल्याकडे दिली गेली ती शेळीच्या देवीची लस, उत्तरकाशी स्ट्रेनची, म्हणजे त्या विषाणूच्या वाणाची. शेळीच्या देवीचा विषाणू लम्पीचा चुलतभाऊ, पण त्यातून गायीला लम्पी होत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी साथीतल्या २२ नमुन्यांची जनुकीय तपासणी केली. काही नमुने २०१९ च्या रांचीच्या विषाणूशी जुळणारे निघाले, काही रशियातल्या २०१५ च्या. सगळे लम्पीचेच. मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसलेला एक मुद्दा मीच देऊन टाकतो: लम्पीचाच विषाणू दुबळा करून केलेली लस काही देशांत वापरतात, आणि रशियात २०१७ पासून लसीच्या आणि रानटी विषाणूची सरमिसळ झालेले प्रकार सापडले आहेत. ती लस वेगळी. आपल्या गावात टोचली ती ही नव्हे.

तिसरं म्हणजे यातलं अर्धं सत्य, आणि ते बोचणारं आहे. लस रोग पसरवत नाही, पण सुई पसरवू शकते. शंभर डोसांची कुपी, एकच सुई आणि पुढे दावणीला ओळीने बांधलेली ढोरं. त्यातल्या एकाच्या रक्तात विषाणू असला की टोचणारा हातच माशीचं काम करतो. म्हणून टोचायला माणूस आला की चार गोष्टी बघा, आणि दिसल्या नाहीत तर विचारायला लाजू नका. दर ढोराला नवी सुई, नाहीतर उकळत्या पाण्यात वीस मिनिटं उकळलेली. स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेली सुई चालत नाही, उलट स्पिरिट सुईत राहिलं तर जिवंत लसच मरते. कुपी बर्फाच्या पेटीतून निघाली पाहिजे, खिशातून नाही. द्रावण मिसळल्यावर दोनेक तासांत संपवायची, उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही. आणि १ मिली कातडीखाली, मानेची कातडी चिमटीत धरून. ताप असलेलं किंवा गाठी उठलेलं ढोर या ओळीत उभंच करायचं नाही. रोग आलेल्या गावाभोवती पाच किलोमीटरचा फेर धरतात, तेव्हा टोचणं बाहेरच्या गावांतून सुरू करून आत यायचं असतं, म्हणजे टोचणारी माणसं आतला विषाणू बाहेर नेत नाहीत.

लस चालते का, याला एकच दाखला पुरे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंद आहे: बाल्कन भागात २०१६ मध्ये लम्पीचे ७,४८३ उद्रेक झाले, सामूहिक लसीकरणानंतर २०१७ मध्ये ३८५. क्रोएशियात तर एकही ढोर आजारी नसताना आधीच लस टोचली, आणि तिथे रोग शिरला नाही. तिथली लस लम्पीच्याच विषाणूची होती, आपली शेळीच्या देवीची, म्हणून आपल्याकडे संरक्षण थोडं लंगडं. लस घेतलेली काही ढोरं आजारी पडतात, पण सहसा हलक्यावर निभावतं. 'थोडं लंगडं' म्हणजे 'नको' असं होत नाही. ते संरक्षण वर्षभराचं धरा, पुढच्या वर्षी पुन्हा टोचावं लागतं.

विड्याबद्दल भांडत नाही. नागवेलीची दहा पानं, दहा ग्रॅम मिरे, दहा ग्रॅम मीठ, गुळात वाटून चाटवायचं, हा नुस्का राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही सांगितलेला आहे. हळद-कडुनिंबाचा लेप फुटलेल्या गाठीला चांगला, अळ्या पडू देत नाही. द्या खुशाल. लम्पीत शंभरातली एक ते पाच ढोरं दगावतात, म्हणजे बाकीची पंचाण्णव विडा दिला काय, न दिला काय, उठतातच. सात दिवसांत बरं झाल्याचे व्हिडिओ त्या पंचाण्णवांचे असतात. आणि विडा शेजारच्या ढोराला वाचवत नाही.

गाठी दिसल्या की आधी ते ढोर आखरावर, गावाची ढोरं जमतात तिथे, सोडणं बंद. गायक्याला, म्हणजे गुराख्याला, सांगा, गावाच्या कळपात ते दिसायला नको. वेगळं बांधा, वेगळं पाणी, वेगळं कुटार (चाऱ्याचा भुसा). गळालेल्या खपल्या झाडून जाळा, वाळलेल्या खपलीत विषाणू महिनाभर जिवंत राहतो. चावणारी माशी ओल्या शेणात कुजणाऱ्या कुटारात अंडी घालते, तेव्हा उकिरडा कोठ्यापासून लांब न्या आणि मुताची नाली मोकळी ठेवा. फवारणी जनावरांच्या औषधाचीच, तीही उघड्या जखमांवर नाही. कपाशीचं उरलेलं औषध ढोरावर मारू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते विसरायला फार वर्षं झालेली नाहीत.

ढोर दगावलंच तर कातडं काढू देऊ नका, ओढत गावातून नेऊ नका. आठ फूट खड्डा, खाली-वर चुना. पण त्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून पंचनामा. २०२२ च्या साथीत राज्याने गायीला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये ठरवले होते. रात्रीच पुरून टाकलेल्या बैलाचा सकाळी पंचनामा कोणी करून देत नाही.