मनोहारी सिंग आणि 'नुसते वाजवणारे' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

हिंदी चित्रपटसंगीतातले वादक मनोहारी सिंग यांच्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची लांबलचक प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिच्यात राग आहे तसा अभ्यासही आहे, त्यामुळे 'धन्यवाद' म्हणून सुटता येणार नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: मनोहारी सिंग सॅक्सोफोन छान वाजवत, पण दुसऱ्याने बांधलेल्या गाण्यात. त्यांना मी 'सर्जनशील' म्हटलं, म्हणजे संगीतकाराच्या ताटातलं काढून वादकाला वाढलं. शिवाय सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, बासरी, मेंडोलिन अशी इतकी वाद्यं वाजवणं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. आणि खरीच प्रतिभा असती तर संगीतकार म्हणून ते गाजले असते. लक्ष्मीकांत-प्यारेलालही वादकच होते की!

चिंध्यांपासून सुरुवात करतो, कारण ते वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबलं. सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट लांबून भावंडं दिसतात. दोन्हींना एकेकच रीड (फुंकेने थरथरणारी पातळ पट्टी), बोटांची ठेवणही बरीचशी सारखी. पण सॅक्सवर वरच्या सप्तकाची कळ दाबली की खालचा सा वरचा सा होतो. क्लॅरिनेटवर तीच युक्ती केली तर खालच्या सा चा वरच्या सप्तकातला पंचम निघतो. म्हणजे ओळखीच्या वाटणाऱ्या बोटांनी निम्मं वाद्य नव्याने शिकायचं. बासरीला रीडच नाही, तिथे ओठ आणि फुंकेचा कोन हेच सर्वस्व. मेंडोलिनचा तर फुंकेशी संबंधच नाही. हे सगळं घरी छंद म्हणून नव्हे, रेकॉर्डिंगमध्ये करायचं. साठच्या दशकात गायक आणि वाद्यवृंद एकत्रच टेक देत. अंतऱ्याच्या शेवटी कुणाचा एक सूर घसरला की सगळा ताफा पहिल्यापासून. अशा ठिकाणी चिंध्या घेऊन गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा बोलावणं येत नाही. मनोहारीदा १९५८ मध्ये कलकत्त्याहून मुंबईत आले आणि सचिनदेव बर्मन, शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर अशा एकमेकांशी अजिबात न जुळणाऱ्या मंडळींकडे वाजवत राहिले.

आता मुख्य मुद्दा. चाल संगीतकाराची, हे मी लेखातही नाकारलेलं नाही. 'काश्मीर की कली' (१९६४) मधलं 'है दुनिया उसी की' काढा. चाल नय्यर यांची, त्यावर वाद नाही. पण एकदा रफींकडे दुर्लक्ष करून फक्त सॅक्स ऐका. (अवघड आहे, मला माहीत आहे.) तो सूर कोरडा, काठोकाठ भरलेला नाही, त्यात हवा मिसळलेली आहे, श्वास ऐकू येतो. दोन ओळींमधल्या जागेत तो येतो तेव्हा थोडा रेंगाळतो, पण गायक परत यायच्या आत बाजूला झालेला असतो. ही हवा कुठल्याच नोटेशनमध्ये लिहिता येत नाही. कागदावर स्वर, मात्रा आणि फार तर जोर-नजाकतीच्या खुणा असतात. त्याच खुणा दुसऱ्या वादकापुढे ठेवल्या असत्या तर सूर तेच आले असते, गाणं मात्र वेगळं झालं असतं. 'अजीब दास्ताँ है ये' (१९६०) मध्ये लताबाईंच्या ओळींना सॅक्स जे उत्तर देतो, त्याबद्दलही हेच म्हणेन. यात शंकर-जयकिशन यांचं काही उणं होत नाही.

पुढे पंचमकडे, म्हणजे राहुलदेव बर्मन यांच्याकडे, तर त्यांचं काम वाजवण्यापुरतं उरलंच नाही. तिथे बासू, मनोहारी, मारुती असं त्रिकूट होतं. बासुदेव चक्रवर्ती तंतुवाद्यं बघत, मारुतीराव कीर ऱ्हिदम, आणि फुंकवाद्यांचा भाग मनोहारीदांकडे. कुठल्या वाद्याने कुठे काय वाजवायचं हे ठरवणारा संयोजक (अरेंजर) हा गाण्याचा अर्धा लेखक असतो, असं मी म्हणणार नाही. प्रमाण गाण्यागणिक बदलतं. पण त्याला हमाल समजणंही बरोबर नाही.

लक्ष्मी-प्यारेंचा दाखला मात्र वजनदार आहे. लक्ष्मीकांत मेंडोलिन वाजवत, प्यारेलाल व्हायोलिन; कल्याणजी-आनंदजींकडे दोघे सहायकही होते. पण संगीतकार म्हणून त्यांचा पहिला चित्रपट 'पारसमणि' १९६३ मध्ये आला तेव्हा एक सव्विशीचा, दुसरा तेविशीचा. संगीतकार म्हणून बासू-मनोहारींच्या नावावरचा 'सबसे बड़ा रुपैया' १९७६ चा. मनोहारीदांचा जन्म १९३१ चा, म्हणजे पंचेचाळिशी गाठलेली. तेव्हा पंचम ऐन भरात होता, 'शोले' नुकताच येऊन गेला होता, रोजचं भरपूर काम हातात होतं. ते सोडून निर्मात्यांना चाली ऐकवायच्या सिटिंगांना चकरा मारायच्या, हिरोच्या मेहुण्याची पसंती घ्यायची, हा वेगळाच धंदा आहे. त्यासाठी लागते ती खाज त्यांच्यात असावी असं त्यांच्या कामाकडे बघून मला तरी वाटत नाही.

आणि 'सबसे बड़ा रुपैया'चं संगीत? सरळ सांगतो, मला ते ठीकठाक वाटतं. 'दरिया किनारे एक बंगलो' मजेदार आहे, पण पंचमची सावली लपत नाही. मेहमूदच्या आवाजातलं शीर्षकगीत मात्र इतकं चिवट निघालं की २००५ च्या 'ब्लफमास्टर'मध्ये पुन्हा वापरलं गेलं. बासू-मनोहारींनी संगीत दिलेले बाकीचे चित्रपट मोजके आणि विसरलेले. संगीतकार म्हणून मनोहारीदा पहिल्या रांगेतले नव्हते, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि मूळ लेखात मी त्याहून जास्त दावा केलेलाच नाही.

मला पटत नाही ती त्यामागची शिडी: खाली वादक, मध्ये संयोजक, वर संगीतकार, आणि जो वर पोचला नाही तो कमी पडला. समोरच्याची चाल ऐकून तिला नेमकं काय हवं हे ओळखणं, ही मनोहारीदांची बुद्धी होती. कोऱ्या कागदावर ती तितकी चालली नाही. यष्टिरक्षकाला 'गोलंदाज का झाला नाहीस' असं आपण विचारत नाही ना?

'श्रेयनामावलीत नसलेल्यांची नावं कशाला उकरता' या तुमच्या शेवटच्या ओळीला उत्तर देत नाही. पुढचा लेख मारुतीरावांवर आहे. तेव्हाही भांडायला या.