अंगाने बारीक असलं म्हणून काय झालं?

धूम्रपानाने हृदयरुग्णांच्या चरबीत दाह (आतली सूज) वाढतो, असं एका लेखात आलंय. पण कुठल्या चरबीत, हे त्यात जरा मोघम राहिलं. चिमटीत धरता येते ती चरबी वेगळी. हृदयालाच चिकटून एक थर असतो, मध्ये पडदाबिडदा काही नाही, आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या त्यातूनच जातात. २००३ मध्ये बायपासच्या रुग्णांमधला हा थर पायाच्या त्वचेखालच्या चरबीशी ताडून पाहिला, तेव्हा टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ ही दाहक द्रव्यं हृदयाजवळच जास्त निघाली. शिवाय सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये दाह आवरणारं अ‍ॅडिपोनेक्टिन कमी आढळतं.

आमचे काका म्हणतात, ‘अंगावर मांस नाही, मला कसला अटॅक!’ अहो, ओढणाऱ्याचं वजन कमी भरलं तरी पोटाच्या आत चरबी साठू शकते.

सिगारेट सोडल्यावर वजन वाढतं, हे मात्र खरं. पण २०१८ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात वजन वाढलेल्यांचाही हृदयविकाराने मृत्यूचा धोका ओढत राहिलेल्यांपेक्षा कमीच होता. अँजिओप्लास्टीनंतर ‘आता दोनच ओढतो’ म्हणणाऱ्यांना डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगायला हवं. ओपीडीच्या गर्दीत तेवढा वेळ असतो का, हा वेगळाच प्रश्न.