काय उजेड पाडलात!

गोष्ट २०१३ सालची. तीन वर्षं जुन्या, दमेकरी लॅपटॉपवर मी उबंटू १२.०४ ही लिनक्स जातीची ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. वायफाय लागलं, प्रिंटर लागला, शेजाऱ्यांचा ब्लूटूथ फोनसुद्धा दिसायला लागला. फुकटात एवढं मिळाल्यावर माणसाने गप्प बसावं. पण रात्री अकरा वाजता मला पडद्याचा उजेड कमी करायची बुद्धी झाली.

एफएन धरून एफ-५ दाबलं. पडद्यावर सूर्याचं चित्र उमटलं, त्याखालची पट्टी शहाण्या मुलासारखी एकेक घर मागे सरकत शून्यावर गेली. उजेड मात्र होता तेवढाच.

"अहो, वरात आलीय का घरात? विझवा ती बत्ती!" पांघरुणातून आवाज आला.

दाबलेल्या कळीचा क्रमांक सांगणारी 'एक्सईव्ही' नावाची आज्ञा असते. आवाज कमी करायची कळ १२२, वाढवायची १२३, उजेड कमी करायची २३२. सगळ्या हजर! एकट्या एफएनला दाबलं तर शांतता. बऱ्याच लॅपटॉपांत ही कळ आतल्या कंट्रोलरशी परस्पर बोलते, ऑपरेटिंग सिस्टिमला तिचा पत्ता नसतो. जुन्या घरातल्या आजेसासूबाईच म्हणा ना. हुकूम त्यांचा, पण रेशनकार्डावर नाव नाही.

म्हणजे कळ निर्दोष. मग उजेडाचे रेग्युलेटरच दोन निघाले. एक 'एसीपीआय व्हिडिओ', दुसरा 'इंटेल बॅकलाइट'. कळ इमानेइतबारे पहिला फिरवत होती आणि पंखा जोडलेला होता दुसऱ्याला.

दुसऱ्याच्या फाइलीत उजेडाचा ४८८२ असा आकडा होता. शून्य म्हणजे सगळ्यात मंद, अशा भाबड्या समजुतीने मी तिथे शून्य लिहिलं.

शून्य म्हणजे शून्यच. पडदा काळाकुट्ट.

लॅपटॉप चालू होता, पंखा घरघरत होता, दिसत काही नव्हतं. मागचा दिवा विझला तरी अक्षरं पडद्यावर असतातच, तिरका टॉर्च मारला की पुसट दिसतात, हे ज्ञान मला त्या रात्री झालं. एका हाताने टॉर्च आणि दुसऱ्याने टायपिंग जमेना, तेव्हा बायकोला उठवावं लागलं. तिने टॉर्च धरला, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काय उजेड पाडलात!"

या गोंधळात पंधरा मिनिटं उलटल्यामुळे 'सुडो'ने, म्हणजे मालकाच्या अधिकाराने आज्ञा चालवू देणाऱ्या पहारेकऱ्याने, पासवर्ड पुन्हा मागितला. पण तो टाइप करताना एरवीही काही दिसत नाही, त्यामुळे तेवढ्यापुरता माझा सराव होता. १९९१ मध्ये लायनस टोरवाल्ड्सने लिनक्स 'नुसता छंद' म्हणून सुरू केलं होतं. छंद त्याचा, टॉर्च आमच्या हिचा.

खरा उपाय दुसऱ्या दिवशी सापडला. मशीन सुरू होताना सिस्टिमला उठवणाऱ्या 'ग्रब'च्या फाइलीत 'क्वायट स्प्लॅश' या शब्दांच्या शेजारी 'एसीपीआय बॅकलाइट'ची किंमत 'व्हेंडर' लिहायची, अपडेट-ग्रब चालवायचं, मशीन पुन्हा सुरू करायचं. रोग रेड्याला, औषध पखालीला. पण लागू पडलं. मी उगाचच अर्धा तास उजेड कमीजास्त करत बसलो.

आता एकच बारीक कुरबुर आहे. लॅपटॉप बंद करून चालू केला की उजेड पुन्हा ४८८२ वर. म्हणून मी तो बंद करतच नाही, नुसता झोपवतो. दर तीन वेळांतून एकदा तो उठताना पडदा काळाच ठेवतो.

टॉर्च उशाशीच असतो.