रिपोर्टवर 'क्रॉनिक' लिहिलंय म्हणून तपासणी चुकवू नका

'रिपोर्टमधलं इंग्रजी समजून घ्या' असा एक मेसेज सध्या घरोघरी फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ॲक्यूट म्हणजे हाताबाहेर गेलेला आजार. क्रॉनिक म्हणजे जुना, शरीराला सवय झालेला, त्यामुळे काळजी नको. ॲक्यूट बरा झाला नाही की त्याचाच क्रॉनिक होतो. आणि बिल फुगवायचं असलं की डॉक्टर मुद्दाम ॲक्यूट लिहितात. परळच्या माझ्या आत्याने हे वाचून मूत्रपिंडाच्या तपासणीची तारीख चुकवली. "अरे, माझं क्रॉनिक आहे, त्याला काही होत नाही," असं तिने फोनवर ठामपणे सांगितलं, तेव्हा माझा संयम सुटला.

म्हणून आधी क्रॉनिकच. हे विशेषण फक्त काळ सांगतं. ते ज्या ग्रीक शब्दावरून आलं, त्या 'क्रोनोस'चा अर्थच काळ. आजार किती गंभीर आहे, ते वेगळ्या आकड्यांवरून ठरतं. मूत्रपिंडाचे डॉक्टर जगभर 'केडिगो' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं मानतात. २०१२च्या तत्त्वांनुसार मूत्रपिंडाच्या रचनेत किंवा कामात ३ महिन्यांहून जास्त काळ बिघाड असेल आणि त्याचा प्रकृतीवर परिणाम होत असेल, तर तो क्रॉनिक. पुढची पायरी ठरते ईजीएफआरवर, म्हणजे मूत्रपिंड किती वेगाने रक्त गाळतं याच्या अंदाजे आकड्यावर. तो १५च्या खाली गेला की मूत्रपिंड निकामी. किरकोळ बिघाडापासून डायलिसिसपर्यंत कागदावर शब्द एकच: क्रॉनिक.

आणि ती 'सवय'? नेफ्रॉन म्हणजे मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या. शिल्लक राहिलेले नेफ्रॉन मेलेल्यांचं काम ओढतात, म्हणून बराच काळ काही जाणवत नाही. त्याच ताणाने पुढे तेही झिजतात. सूज, मळमळ, धाप दिसेपर्यंत बरंच काही गेलेलं असतं आणि गेलेलं सहसा परत येत नाही. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवून उरलेलं जपता येतं. त्यासाठीच तर तारीख दिलेली असते!

ॲक्यूटचं थोडक्यात. वैद्यकात तो अचानक सुरू झालेला, थोड्या काळातला आजार. पावसाळ्यात मुंबईत जुलाब-उलट्यांनी किती जण आडवे होतात. त्यांच्या कागदावर 'ॲक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस' असतं आणि बहुतेक जण ओआरएस घेऊन थोड्या दिवसांत कामावर जातात. एवढं मात्र मान्य करावं लागेल, की रोजच्या इंग्रजीत पाण्याची 'ॲक्यूट' टंचाई म्हणजे तीव्रच टंचाई, आणि मराठीतही आजाराच्या ॲक्यूटला 'तीव्र' म्हणतात. गोंधळ होणारच. शिवाय ॲक्यूट हार्ट अटॅकला एक मिनिटही दवडायचं नसतं. पण तिथे जीव धोक्यात येतो तो हृदयाची रक्तवाहिनी बंद झाल्याने, 'ॲक्यूट' या शब्दामुळे नव्हे.

ॲक्यूटचा क्रॉनिक होतो, हे काही आजारांपुरतं खरं. यकृताच्या हिपॅटायटिस बीचा संसर्ग ६ महिन्यांहून जास्त टिकला तर त्याला क्रॉनिक म्हणतात. रक्तदाबाला मात्र अशी ॲक्यूट सुरुवात लागत नाही. मेसेजमध्ये नसलेली उलटी वाटही असते: आधीच क्रॉनिक असलेल्यावर ॲक्यूट येऊन बसतो. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं, किंवा गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणून घेतली, की थकलेलं मूत्रपिंड पटकन कोलमडू शकतं. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ. ४८ तासांत रक्तातलं क्रिएटिनिन डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढलं तरी केडिगो त्याला ॲक्यूट इजा म्हणतं. डॉक्टर याला 'ॲक्यूट ऑन क्रॉनिक' म्हणतात. आत्याच्या बाबतीत मला भीती याचीच आहे.

बिलांबद्दलचा राग मी समजू शकतो. पण ॲक्यूट की क्रॉनिक, हे डॉक्टरच्या मर्जीवर नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या यादीत मूत्रपिंडाच्या ॲक्यूट बिघाडाला एन१७ आणि क्रॉनिकला एन१८ असे वेगळे क्रमांक आहेत. शंका असेल तर क्रिएटिनिनचे जुने रिपोर्ट नव्याशेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा, वाढ दोन दिवसांतली आहे की वर्षभरातली.