बंदी परवडणारा फॉरमॅट

'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ शिकायला आलेल्या नवख्या माणसाला मुंबईत सहसा थेट कमांडर या, सहसा चौघांनी खेळायच्या, फॉरमॅटच्या (खेळप्रकाराच्या) टेबलावर बसवले जाते. त्याच्या हाती आधी पॉपर या दुसऱ्या फॉरमॅटचा डेक (खेळायचा पत्त्यांचा गठ्ठा) द्यावा, असे माझे मत आहे, आणि त्यामागे केवळ पैसे वाचवण्याचा विचार नाही.

पॉपरमध्ये 60 पत्त्यांचा डेक कधी ना कधी कॉमन, म्हणजे सर्वांत सहज मिळणाऱ्या दर्जाचे, म्हणून छापल्या गेलेल्या पत्त्यांतूनच बांधायचा असतो. हातातल्या प्रतीवरचे संचाचे चिन्ह कॉमनच्या काळ्या रंगाऐवजी त्याहून दुर्मीळ दर्जाच्या चंदेरी रंगाचे असले, तरी तोच पत्ता पूर्वी एकदा कॉमन म्हणून निघालेला असेल तर चालतो. कॉमन पत्ते दुबळे असतात, हा समज समोरच्याने 'लाइटनिंग बोल्ट' टाकला की टिकत नाही. एका लाल मानात (पत्ता टाकण्यासाठी मोजायच्या शक्तीत) तो समोरच्याच्या सुरुवातीच्या 20 पैकी 3 लाइफ (जीवगुण) घेऊन जातो.

हा फॉरमॅट खेळाडूंनी रुजवला. 2008 साली मॅजिक ऑनलाइन या खेळाच्या संगणकावरच्या आवृत्तीत त्याला अधिकृत स्थान मिळाले, तरी कागदी पत्त्यांनी खेळणाऱ्यांचे नियम पुढे कित्येक वर्षे मेंढीकोटाप्रमाणे ठिकठिकाणी बदलत राहिले. 1994 च्या 'फॉलन एम्पायर्स' संचातला 'हिम टू टुराक' कागदावर कॉमन होता आणि ऑनलाइन कॉमन नव्हता, त्यामुळे तो चालतो की नाही याचा वाद डावाआधीच मिटवावा लागे. 2019 मध्ये हा खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने दोन्हींसाठी चालणाऱ्या पत्त्यांची एकच यादी केली आणि त्याच वेळी 'हिम'वर बंदी घातली. 2022 पासून बंदीचा विचार एक समिती करते. तिचे नेतृत्व कंपनीच्या माणसाकडे असले, तरी तिच्यात निरनिराळ्या देशांतले मुरलेले पॉपर खेळाडू आहेत.

माझा खरा मुद्दा इथे येतो. 23 सप्टेंबर 2024 रोजी कमांडरच्या स्वयंसेवी नियम समितीने 'माना क्रिप्ट', 'ज्वेल्ड लोटस' यांसह चार पत्त्यांवर बंदी घातली. 'माना क्रिप्ट'ची किंमत तेव्हा शंभर डॉलरच्या वर असल्याने ती बंदी अनेकांच्या खिशाला बसली, समितीच्या सदस्यांना धमक्या आल्या आणि आठवडाभरात त्यांनी फॉरमॅटचा कारभार कंपनीकडे सोपवला. निर्णय योग्य होता की नाही, यावर शांतपणे बोलणेच अशक्य झाले होते. पॉपरमध्ये पत्त्यावर बंदी आली तर लोक कुरकुर करतात आणि पुढच्या रविवारी नवा डेक घेऊन येतात, कारण बहुतेक पत्त्यांची किंमत वडापावच्या आसपास असते. (अपवाद आहेत. 'रिस्टिक स्टडी' कॉमन असूनही चांगलाच महाग आहे, आणि तो कमांडरवाल्यांनीच महाग केला आहे.) पत्ते स्वस्त असले की चुकलेला फॉरमॅट दुरुस्त करता येतो.

शिवाय चौघांचा कमांडरचा डाव लांबला की विरारला राहणाऱ्याचे अर्धे लक्ष शेवटच्या लोकलकडे असते. पॉपरच्या दोन फेऱ्या तेवढ्या वेळात सहज उरकतात.

मुंबईपुरती बंदीची वेगळी यादी करावी, असे अधूनमधून कोणीतरी सुचवतो. माझा त्याला विरोध आहे. कागदी आणि ऑनलाइन याद्या एक व्हायला आधीच 2019 उजाडले. आता पुण्याहून येणाऱ्याला दादरला उतरल्यावर डेक बदलायला लावू नये.