म्हणे अर्ध्या तासाचं काम!

मे महिन्यात आंबे खायला आलेला मालकांचा भाचा जाता जाता बोलून गेला, "मामा, त्यात काय, ड्युअल बूट करून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे." ड्युअल बूट म्हणजे एकाच यंत्रात दोन सिस्टिम, सुरू करताना हवी ती निवडायची. बोलला आणि रात्री कणकवलीहून कोकणकन्येत बसून मुंबईला पळाला. मागे राहिलो मी. देवगडातल्या एका आंबा बागायतदाराच्या ऑफिसात बिलं फाडणारा कारकून. माझा गुन्हा एवढाच की मागे एकदा प्रिंटरची अडकलेली रिबन मी सोडवली होती. तेव्हापासून 'कॉम्प्युटर कळणारा' मीच.

आमचं यंत्र २०१२ सालचं. दुसऱ्या पिढीचा आय-३, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची गरगरणारी हार्ड डिस्क. विंडोज ७ वरून कधीतरी १० वर चढवलेलं. त्या १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर. आमच्या डब्यात दोन्ही नाही. बरं, विंडोज काढून टाकावं, तर बिलाचं सॉफ्टवेअर तिथेच चालतं. ते लिहिणारा गृहस्थ गाव सोडून गेला, फोन लागत नाही. मागे त्याचं डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली म्हणून मशिनला लावायचं टिकलीएवढं यंत्र) आणि खडखड करणारा डॉट मॅट्रिक्स तेवढा राहिलाय. म्हणून ठरलं असं की विंडोजमध्ये नेट बंद करून फक्त बिलं करायची, आणि बँक, ईमेल, वाशी मार्केटच्या विक्रीच्या पट्ट्या हे सगळं लिनक्स मिंट या दुसऱ्या, फुकट सिस्टिममध्ये. कागदावर किती छान!

जूनच्या पहिल्या पावसात बसलो. मिंट भरलेला पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं. नुसतं बीप बीप बीप, पडदा काळा. आमचं ऑफिस खाडीपासून हाकेच्या अंतरावर. खारी हवा खिडकीच्या गजांना सोडत नाही, ती रॅमच्या पट्टीला सोडणार होय? पट्टी काढली, शाळकरी खोडरबराने तिचे पिवळे दात घासले, परत बसवली. चालू. हे कुठल्याही व्हिडिओत सांगत नाहीत. तिथे सगळ्यांची मशिनं नवी कोरी.

मग बूट मेनूत तोच एक पेनड्राइव्ह दोनदा दिसला. एकदा नुसता, एकदा 'यूईएफआय' असं शेपूट लावून. मी आपला भारदस्त दिसला तो निवडला. झालं! यूईएफआय ही यंत्र सुरू करायची नवी पद्धत, आमचं विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं. ते एका दाराने आत येणार आणि लिनक्स दुसऱ्या. मग दोघांची नावं एका मेनूत कशी दिसायची? इन्स्टॉलरने बिचाऱ्याने इशारा दिला म्हणून थांबलो, नाहीतर तिथेच कपाळमोक्ष होता.

दुसऱ्या दिवशी बरोबर दाराने आत गेलो. विंडोजमध्ये सी ड्राइव्ह दाबून ऐंशी जीबी मोकळी करून ठेवली होती. आणि इन्स्टॉलर काय म्हणतो? त्या ऐंशी जीबीसमोर लिहिलेलं, 'अनयूजेबल'. अहो, जागा आहे! डोळ्यांनी दिसतेय! पण नाही. ही डिस्क एमबीआर या जुन्या आखणीची, आणि एमबीआरला प्रायमरी पार्टिशन, म्हणजे मुख्य कप्पे, चारच करता येतात. चार म्हणजे चार. मी मोजली. एक विंडोजचं शंभर एमबीचं राखीव, एक सी, एक डी, आणि चौथं ते विंडोज १० चढताना कोपऱ्यात बसलेलं साडेचारशे एमबीचं रिकव्हरी. या टीचभर पार्टिशनापायी ऐंशी जीबी वांझ! सामायिक जमिनीत एका चुलत्याची सही राहिली की सगळं खरेदीखत अडतं ना, तसं.

विंडोजकडून नवं पार्टिशन करून घ्यायला गेलो तर ते म्हणतं, डिस्क 'डायनॅमिक' करतो. मी 'हो' दाबलं नाही ही माझ्या कुलदैवताची कृपा. डायनॅमिक केली असती तर लिनक्सही गेलं असतं आणि परतीची वाटही.

उपाय एकच. डी ड्राइव्ह उडवायचा, त्या जागी एक्सटेंडेड पार्टिशन करायचं, त्याच्या पोटात नवा डी आणि लिनक्स. पण डी वर बारा वर्षांचे हिशेब! आणि हिशेबांच्या शेजारी मालकांच्या मुलीच्या लग्नाचे व्हिडिओ, मेंदीपासून गोंधळापर्यंत. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर का, हे विचारायची माझी टाप नाही. यूएसबी २.० च्या भोकातून ते सगळं बाहेरच्या डिस्कवर ओतत बसलो. अर्ध्यावर आलं की लाईट जाई. वारा सुटला, कुठेतरी फांदी तारेवर पडली, गेली लाईट. यूपीएस दोन मिनिटं केकाटतो आणि मान टाकतो. त्याची बॅटरी बदला म्हणून मी दोन हंगाम सांगतोय. तेव्हा 'बघूया', आणि आता 'अजून झाला नाय?'

असो, तिसऱ्या दिवशी मिंट बसलं. आनंद किती? दहा मिनिटं. मिंटमधून डी उघडला तर फाइल सेव्ह होईना, म्हणे फक्त वाचा. कारण विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप'. शट डाउन केलं तरी ते पुरतं झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवून ड्राइव्हवर बसून राहतं, आणि लिनक्स भिऊन हात लावत नाही. ते बंद केलं.

मग घड्याळ. सकाळी साडेदहाला बिल छापलं, वर वेळ पहाटे पाच. मालक चष्म्यावरून बघत म्हणतात, "मेल्या, पहाटे पाचाक आंबे कोणाक इकलंस?" मला वाटलं आतली सीआर२०३२ बॅटरी गेली. बदलली. पुन्हा पहाटे पाच! बॅटरी खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडून दुसरी आणली. तिचा काही दोष नव्हता हो, नंतर त्याची माफी मागून आलो. लिनक्स यंत्राच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहून ठेवतं, विंडोज तीच इथली समजून वाचतं. फरक बरोबर साडेपाच तास. एका ओळीच्या कमांडने मिटलं, पण ती ओळ सापडेपर्यंत मी दोन रात्री झोपलो नाही.

आणि एवढं करून? सुरू करताना मेनू दहा सेकंद थांबतो. दहा सेकंदांत मालकांना चष्म्याची डबी सापडत नाही. मिंट उघडलं की आतून हाक, "माझा बिलाचा खंय गेला रे?" रोज. शेवटी वैतागून मेनूत विंडोज पहिलं केलं. आता मिंट कोणी उघडतच नाही.

काल विंडोजमध्ये बघतो तर नेट चालू. मी बंद केलेलं नेटचं अॅडाप्टर कोणीतरी परत चालू केलेलं. शिपायाला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "व्हॉट्सअॅप लागत नव्हता, म्हणून भाच्याक फोन केलंय. तेनी सांगल्यान कसा करूचा ता."