विल्ट चेंबरलेनने लॉरेन्समधला वर्णभेद ‘एकट्याने’ संपवला नाही

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आत्याने टाकला. माझी मुलगी शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळते. तिने तो उचलला आणि वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जवळपास जसाच्या तसा घातला. भाषण वाचून दाखव म्हटल्यावर मी तो पहिल्यांदा नीट ऐकला आणि माझं डोकंच तापलं. आत्याचा राग नाही. तिने चांगल्या भावनेने पाठवला. राग आहे तो लिहिणाऱ्याचा, कारण एका खऱ्या माणसाची, खऱ्या गावाची आणि एका चांगल्या चित्रपटाची त्याने पार मोडतोड केली आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. विल्ट चेंबरलेन हा अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचा पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉल खेळाडू. रंगभेद कधीच न मानणाऱ्या फॉग ॲलन या प्रशिक्षकाने त्याला आणलं. विल्टने एकही मोर्चा न काढता, निव्वळ खेळाच्या जोरावर, विद्यापीठ ज्या गावात आहे त्या लॉरेन्समधला वर्णभेद एकट्याने दोन वर्षांत संपवला. 1957 साली विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपदही मिळवून दिलं. मैदानावर कुणी कुणाचा रंग विचारत नाही. ‘जेहॉकर्स’ या ऑस्करविजेत्या चित्रपटात हे सगळं दाखवलं आहे, तेव्हा आपल्याकडच्या आंदोलनवाल्यांनी तो बघावा आणि शिकावं, की गुणवत्ता असली की भेदभाव आपोआप गळून पडतो.

आधी किरकोळ गोष्टी उरकतो. चित्रपट खरा आहे, 2014 सालचा. दिग्दर्शक केविन विल्मॉट त्याच विद्यापीठात चित्रपटकला शिकवायचा. कुठल्याही मोठ्या स्टुडिओशिवाय, कृष्णधवल रंगात केलेलं हे काम आहे. विल्टची भूमिका करणारा जस्टिन वेस्ली त्या वेळी खरोखरच कॅन्ससच्या संघातून खेळत होता. पण या चित्रपटाला ऑस्कर मिळालेलं नाही. विल्मॉटला ऑस्कर मिळालं ते 2019 साली, स्पाइक ली आणि आणखी दोघांबरोबर लिहिलेल्या दुसऱ्याच एका चित्रपटाच्या पटकथेसाठी.

विजेतेपदाचंही तसंच. 23 मार्च 1957 रोजी कॅन्सस सिटीत अंतिम सामना झाला आणि नॉर्थ कॅरोलायनाने तो तीन जादा डावांनंतर 54–53 असा जिंकला. विल्ट स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण सामना हरला. ती हार त्याला आयुष्यभर डाचत राहिली. 1998 साली लॉरेन्समध्ये त्याच्या जर्सीचा गौरव झाला, तेव्हाही भर मैदानात तो त्या एका गुणाबद्दल बोलला. ज्याने हा मेसेज लिहिला त्याला अंतिम सामन्याचा निकालसुद्धा बघावासा वाटला नाही, यावरून बाकीचा मजकूर किती तपासला असेल ते कळतं.

‘पहिला कृष्णवर्णीय खेळाडू’ हेही चूक. लाव्हॅन्स स्क्वायर्स हा कृष्णवर्णीय खेळाडू 1952 सालच्या विजेत्या संघात होता, म्हणजे विल्ट फिलाडेल्फियात शाळेत होता तेव्हा. 1957 च्या संघात विल्टच्या शेजारी मॉरिस किंग खेळत होता, तोही कृष्णवर्णीय. या दोघांची नावं पुसल्याशिवाय ‘एकटा’ हा शब्द बसत नाही, म्हणून ती पुसली गेली.

आता फॉग ॲलन. इथे थोडं खरं आहे, ते मान्य करतो. स्क्वायर्स आणि किंग त्याच्याच काळात संघात आले. विल्टला मिळवायला तर त्याने आकाशपाताळ एक केलं. पण ‘रंगभेद कधीच न मानणारा’? हा माणूस 1919 पासून सलग त्या जागेवर होता. ‘बिग सिक्स’ गटातल्या विद्यापीठांमध्ये कृष्णवर्णीयांना संघात घ्यायचं नाही असा अलिखित करार होता आणि तो पाळणाऱ्यांत कॅन्सस होतं. 1933 साली जॉन मॅक्लेंडन नावाचा कृष्णवर्णीय मुलगा शारीरिक शिक्षण शिकायला तिथे आला. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ तेव्हा तिथे प्राध्यापक होता. मॅक्लेंडन थेट त्याच्या हाताखाली हा खेळ शिकला. मात्र विद्यापीठाच्या संघातून खेळायची त्याला परवानगी नव्हती, आणि त्या संघाचा प्रशिक्षक फॉग ॲलनच होता. पुढे याच मॅक्लेंडनने टेनेसी ए अँड आय या विद्यापीठाच्या संघाला 1957, 1958 आणि 1959 अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. गुणवत्ता असली की दारं आपोआप उघडतात म्हणणाऱ्यांनी या माणसाची गुणवत्ता कुठे कमी पडली ते सांगावं.

मॅक्लेंडनचीच आणखी एक गोष्ट. पदवीसाठी पोहणं येणं सक्तीचं होतं. तो विद्यापीठाच्या तलावात उतरला, पोहला, बाहेर आला, आणि तलावातलं सगळं पाणी काढून टाकण्यात आलं. महाडचं चवदार तळं ज्यांना माहीत आहे, त्यांना मी हे वेगळं समजावून सांगत बसत नाही. 1927 साली तिथे सत्याग्रहानंतर तळं ‘शुद्ध’ केलं गेलं होतं. कॅन्ससमध्ये मॅक्लेंडनने माघार घेतली नाही, नेस्मिथ त्याच्या पाठीशी उभा राहिला आणि शेवटी तो तलाव खुला झाला. ही गोष्ट विल्टच्या जन्माच्या सुमाराची. म्हणजे लॉरेन्समधली लढाई विल्ट यायच्या वीस वर्षं आधीपासून चालू होती.

आता मेसेजमधला सगळ्यात घातक भाग: ‘एकट्याने, मोर्चा न काढता, दोन वर्षांत’.

या समजाचा उगम कुठे असावा याचा अंदाज मला आहे. विल्टने 1973 सालच्या आत्मचरित्रात स्वतःच तसा दावा केला आहे. 1955 साली गाडी चालवत तो कॅन्ससला निघाला, वाटेत कॅन्सस सिटीजवळ एका हॉटेलात जेवायला थांबला, तर त्याला स्वयंपाकघरात बसून खा म्हणून सांगितलं. तो भडकला. पुढे लॉरेन्सच्या आसपासच्या एकेका हॉटेलात तो जाऊन बसायचा आणि वाढेपर्यंत उठायचा नाही. ते त्याचं धैर्य होतं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने परक्या गावात हे करणं सोपं नाही, आणि त्याच्यामुळे काही ठिकाणी खरंच फरक पडला. सात फुटांहून उंच, वर्तमानपत्रांत रोज नाव येणारा खेळाडू. त्याला दारातून परत पाठवणं कुठल्याही हॉटेलमालकाला परवडणारं नव्हतं.

पण तो कॅन्ससला आला कसा, ते बघा. इतिहासकार अराम गुडसूझियन यांचा विल्टच्या कॅन्ससमधल्या वर्षांवर दीर्घ लेख आहे, ‘कॅन्सस हिस्टरी’ या नियतकालिकात 2005 साली आलेला. त्या पोराला वळवायला ॲलनने कुणाकुणाला कामाला लावलं ते त्यात वाचायला मिळतं. ‘कॅन्सस सिटी कॉल’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राचा संपादक डाउडल डेव्हिस, उद्योजक लॉइड केरफर्ड, गायिका एटा मोटेन. ही साधीसुधी शिफारस नव्हती. या मंडळींना विद्यापीठाचं यश हवं होतं, पण त्याहून मोठी त्यांची इच्छा अशी होती, की हा मुलगा इथे आला तर बंद दारं ढकलायला एक जबरदस्त खांदा मिळेल. ज्या लोकांनी वर्षानुवर्षं लेखण्या झिजवल्या, त्यांच्या डोक्यातली ही योजना होती. विल्ट त्या योजनेतला सगळ्यात ठळक माणूस. एकमेव नव्हे.

त्याच्या आधीचंही थोडं. 1948 साली, म्हणजे विल्ट अकरा-बारा वर्षांचा असताना, ‘कोर’ या समतावादी संघटनेच्या विद्यार्थ्यांनी लॉरेन्समधल्या एका कॅफेत ठिय्या दिला. कृष्णवर्णीयांना खायला द्या, एवढीच मागणी. विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या मुलांनी त्यांना उचलून बाहेर काढलं. पुढे फ्रँकलिन मर्फी विद्यापीठाचा प्रमुख झाला. गावातल्या थिएटरांत कृष्णवर्णीयांना वेगळं बसवत. मर्फीने थिएटरमालकांना बजावलं, की हे थांबवा, नाहीतर नवे चित्रपट मी विद्यापीठाच्या सभागृहात फुकट दाखवीन. त्यातच 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. तो खटला ज्या टोपेका शहराचा, ते लॉरेन्सपासून साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. एवढं सगळं हलत असताना विल्ट आला.

आणि ‘संपवला’ म्हणजे काय संपवलं? विल्ट 1958 साली विद्यापीठ सोडून हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनीय सामने खेळणाऱ्या व्यावसायिक संघाकडे गेला. दोन वर्षांनी, 1960 च्या उन्हाळ्यात, लॉरेन्समधल्या खाजगी जलतरण तलावासमोर लोक फलक घेऊन उभे होते, कारण तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. गावाला सगळ्यांसाठी खुला असा नगरपालिकेचा तलाव मिळायला 1969 साल उजाडावं लागलं. मॅक्लेंडनच्या पाण्याची गोष्ट 1930 च्या दशकातली, हा तलाव 1969 चा. मधल्या काळात लॉरेन्सच्या कृष्णवर्णीय पोरांनी उन्हाळ्यात पोहायला कुठे जायचं, या प्रश्नाचं उत्तर बास्केटबॉलच्या कुठल्याही सामन्याने दिलं नाही. मग जुलै 1970 मध्ये रिक डाउडेल हा 19 वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण लॉरेन्स पोलिसांच्या गोळीने मेला आणि गाव पेटलं. वर्णभेद 1957 साली संपलेल्या गावात हे होत नाही.

‘मैदानावर कुणी रंग विचारत नाही’ याबद्दल बोलायचीही चीड येते. 1957 च्या स्पर्धेचा विभागीय टप्पा टेक्सासमध्ये डॅलसला होता. कृष्णवर्णीय खेळाडू असल्यामुळे कॅन्ससच्या संघाला डॅलसच्या हॉटेलात राहता आलं नाही. शहराबाहेर ग्रँड प्रेअरीत मुक्काम करावा लागला. सामन्यांत प्रेक्षकांनी विल्ट आणि किंगला वंशावरून घाणेरड्या शिव्या दिल्या, अंगावर थुंकले, वस्तू फेकल्या. पोलिसांच्या पहाऱ्यात संघाला बाहेर काढावं लागलं. तिथे कॅन्सस जिंकलं. जिंकूनही शिव्या थांबल्या नाहीत. माझ्या मुलीने भाषणात ‘चेंडूला जात नसते’ असं वाक्य घातलं होतं, मेसेजमधूनच. चेंडूला नसेल. चेंडू हातात असलेल्या माणसाला त्या रात्री गॅलरीतल्या शेकडो लोकांनी त्याचा रंग आठवून दिला.

राहिला शेवटचा भाग, आपल्याकडच्या ‘आंदोलनवाल्यां’ना दिलेला उपदेश. मेसेज लिहिणाऱ्याला खरं तर हेच म्हणायचं होतं. बाकी विल्ट, चित्रपट, अमेरिका हे सगळं त्यासाठी गोळा केलेलं. अन्याय झालेल्या प्रत्येकाला सात फूट उंच आणि अचाट गुणी असावं लागेल, मगच त्याला माणसासारखं जेवायला मिळेल, असा याचा अर्थ होतो. विल्टला टेबल मिळालं. पण ज्या मुलाला नीट चेंडू टाकता येत नव्हता, तोही त्याच विद्यापीठात फी भरून शिकत होता. त्याला खोली भाड्याने कोण देणार होतं?

त्या खोलीसाठीच 8 मार्च 1965 रोजी कॅन्ससच्या विद्यार्थ्यांनी स्ट्राँग हॉलमध्ये, विद्यापीठप्रमुखाच्या कार्यालयासमोर ठिय्या दिला. फ्रॅटर्निटी (विद्यार्थ्यांचे निवासी क्लब) आणि भाड्याच्या घरांमधला वर्णभेद बंद करा, ही मागणी होती. 110 जणांना अटक झाली. त्यांत गेल सेयर्स होता, अमेरिकन फुटबॉलमधल्या त्या काळच्या देशातल्या सर्वांत गाजलेल्या कॉलेज खेळाडूंपैकी एक. शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाने त्याला आधीच निवडलं होतं. त्याच्यासाठी लॉरेन्समधलं कुठलंही दार उघडलं असतं. तरी तो इतरांबरोबर जमिनीवर बसला आणि इतरांबरोबर पोलिसांच्या गाडीत चढला. मुलीच्या भाषणात आता विल्ट आहे, किंग आहे, मॅक्लेंडन आहे आणि सेयर्सही आहे. वेळेच्या मर्यादेत बसवायला ‘एकट्याने’वालं अख्खं पान तिने काढून टाकलं.